साडेतीन मिलिमीटरची चूक

रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं साडेसहा सीसीचं इंजिन मुठीत मावतं. पण ते मिनिटाला 12,000 फेरे घेऊ लागलं, की दर फेऱ्याला एक स्फोट होतो, कारण ते टू-स्ट्रोक असतं. म्हणजे सेकंदाला 200 आणि दहा मिनिटांच्या उड्डाणात एक लाख वीस हजार धक्के! हे सगळे झेलते ती जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची प्लायवुडची फळी, फायरवॉल. इंजिनाची बैठक तिला चार बोल्टांनी आवळलेली असते.

या बोल्टांची भोकं चुकतात, ती बहुधा घाईने नव्हे, भूमितीने. पंख्याचा पिळदार झोत शेपटीवर आदळून विमानाचं नाक डावीकडे ओढू पाहतो. म्हणून इंजिनाचं तोंड दोनेक अंश उजवीकडे ठेवतात. पंखा फायरवॉलच्या 100 मिलिमीटर पुढे असेल, तर एवढ्याशा कोनाने तो साडेतीन मिलिमीटर उजवीकडे सरकतो. तो मध्यरेषेवर राहावा म्हणून बैठकच तेवढी डावीकडे घ्यावी लागते. हे ध्यानात राहिलं नाही, की चारही भोकं एकदम चुकतात.

आणि साडेतीन मिलिमीटर हे अंतर फार वाईट! बोल्ट धरायला फळीच्या मागून दात रुतवून बसवलेल्या नटचं, म्हणजे टी-नटचं, भोक पाच-साडेपाच मिलिमीटरचं असतं, म्हणजे नवं भोक जुन्याला कापतच जाणार. ड्रिलच्या अगदी टोकाची धार लाकूड कापत नाही, नुसती रेटते. एका बाजूला लाकूड, दुसरीकडे पोकळी असली, की टोक पोकळीत घसरतं आणि ड्रिल जुन्याच जागी जातं.

कानस घेऊन भोक लांबट करणं सोपं, पण मला ते मुळीच पटत नाही. बोल्ट बैठकीला लाकडाशी इतकं घट्ट दाबतो, की धक्के मुख्यतः त्या दोघांमधलं घर्षण झेलतं. लांबट भोकात टी-नटच्या दातांना धरायला लाकूड कमी पडतं. पकड जरा ढिली झाली, की बैठक सरकू लागते.

खरा उपाय म्हणजे भोक नाहीसं करणं. जुनं भोक आठ-दहा मिलिमीटरपर्यंत मोठं करायचं, त्यात कठीण लाकडाची गोल खुंटी इपॉक्सी लावून ठोकायची, वाळल्यावर पॉलिश पेपरने सपाट करायची. इथे लाकूड थक्क करून सोडतं. प्लायवुडच्या सगळ्या थरांतले तंतू फळीला समांतर, म्हणजे बोल्ट त्यांना आडवे चेपतो. खुंटीतले तंतू बोल्टच्याच दिशेने उभे, आणि उभ्या तंतूंवरचा दाब लाकूड कितीतरी पटींनी जास्त सोसतं. आवळताना चेपलं जाण्याच्या बाबतीत ठिगळ मूळ फळीहून सरस ठरतं! पांढऱ्या फेविकॉलमधलं पाणी उडून तो आक्रसतो. इपॉक्सी जवळजवळ आक्रसत नाही, बारीक फटी भरून काढतं. म्हणून इथे इपॉक्सीच, तेही सावकाश वाळणारं, कारण त्याला तंतूंत मुरायला वेळ मिळतो.

लाकूड आणि सरस यांच्यावर एवढी भिस्त कशी ठेवायची, असं वाटत असेल तर मॉस्किटो आठवावं. 25 नोव्हेंबर 1940 रोजी पहिल्यांदा उडालेल्या या ब्रिटिश लढाऊ विमानाचं धड बर्च प्लाय आणि बाल्सा चिकटवूनच केलं होतं. छोटी विमानं बनवणाऱ्यांच्या टेबलावर आजही हेच लाकूड असतं.

एका गोष्टीपुढे मात्र इपॉक्सी हतबल होतं: तेल. इंजिनाच्या मेथेनॉलमध्ये वंगणासाठी बहुधा एरंडेल किंवा कृत्रिम तेल असतं, आणि ते मुरलेल्या लाकडाला काहीच धड चिकटत नाही. अशी काळी पडलेली फायरवॉल बदललेलीच बरी. कोरी असेल तर नवी भोकं आखताना बैठकच साच्यासारखी धरावी, आधी बारीक ड्रिल, मग मोठं, आणि फळीच्या मागे लाकडाचा टेकू. टी-नट बसवण्याआधी भोकांच्या आतल्या कडांवरून पातळ इपॉक्सीचा हात फिरवला, की तेलाची वाट बंद होते.