तलवारीला फुटलेले दात

नांदगाव तिठ्यावर माझं एडिटिंगचं दुकान आहे. लग्नसराई आणि जत्रा संपल्या की कामाचा रंग बदलतो. आसपासच्या गावांतून लोक जुन्या मिनी-डीव्ही कॅसेट घेऊन येतात. बारसं असतं, गणपती असतात, पण जास्त करून असतात ती दशावताराची नाटकं. कॅसेट हातात आली की आधी उजेडात धरून फीत बघायची. आपल्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट यंत्रात घातली तर हेड माखतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही बिघडतात.

एक काका वडिलांच्या नाटकाची कॅसेट घेऊन आले होते. वडील राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे. फायरवायरने फीत संगणकात उतरू लागली, युद्धाचा प्रवेश आला आणि काका स्क्रीनजवळ सरकले. "झिला, बापूस बरो दिसता, पण तलवार फिरवता तेव्हा ह्यो रेघो कसल्यो रे?"

पात्र स्थिर उभं असताना चित्र स्वच्छ होतं. तलवार फिरली की तिच्या कडेला कंगव्यासारखे आडवे दात फुटत होते. फीत खराब नव्हती, कॅमेराही बिघडलेला नव्हता. तो कॅमेरा जुन्या डबा टीव्हीसाठी बनला होता. त्याच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी एकदम टिपत नाहीत. एका वेळी एकाआड एक अशा २८८ ओळी टिपायच्या, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड, दोन गुंफून एक फ्रेम, म्हणजे २५ फ्रेम. ५० हा आकडाही उगाच आलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी तो जुळवलेला. अर्ध्याच ओळी पाठवल्यामुळे प्रक्षेपणाला जागा कमी लागायची, आणि तरी हालचाल सलग दिसायची. डबा टीव्ही त्या ओळी त्याच क्रमाने रंगवायचा, म्हणून हे दात कुणी कधी पाहिले नाहीत. आजचा सपाट स्क्रीन दोन्ही फील्ड एकाच वेळी दाखवतो. पण दोन फील्डच्या मधल्या वेळात तलवार वीतभर पुढे गेलेली असते.

दुरुस्तीची सुरुवात फील्डचा क्रम तपासण्यापासून होते, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. पाल डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, १०८०आय एचडीत वरचं. सॉफ्टवेअरला उलटं सांगितलं तर हालचाल पुढे, मागे, पुढे, मागे अशी ठेचकाळते. मी प्रत्येक फील्ड सुटं करून बाणाच्या कळीने एकेक पाऊल पुढे जातो. नजर तलवारीच्या टोकावर ठेवायची. टोक एकाच दिशेने सरकत गेलं तर क्रम बरोबर. एकदा जरी मागे आलं तर तिथेच थांबायचं.

पुढे वाटा फुटतात. सर्वांत सोपी म्हणजे दोन फील्ड एकमेकांत मिसळणं. दात जातात, पण एका तलवारीच्या दोन फिकट तलवारी होतात. दुसरी, एक फील्ड टाकून देणं. चित्र स्वच्छ होतं, पण अर्धी हालचाल कचऱ्यात जाते. दशावताराच्या बाबतीत मला हे मान्यच नाही. मृदंगाच्या थापेवर पाय पडतो, गिरकी बसते, ते सगळं त्या पन्नास क्षणांत आहे. म्हणून प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करायची आणि सेकंदाला ५० फ्रेमची फाइल काढायची. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधलं याडिफ फिल्टर हे पटकन करतं, मात्र त्याला प्रत्येक फील्डमागे एक फ्रेम काढायला सांगावं लागतं. न सांगता ते २५च देतं. अ‍ॅव्हीसिंथमधलं क्यूटीजीएमसी त्याहून पुष्कळ संथ चालतं, पण आजूबाजूच्या फील्डमध्ये हालचालीचा माग काढून गहाळ ओळी भरतं. शालूचे बारीक काठ, मुकुटावरची नक्षी एरवी लखलखत राहते. इथे ती शांत होते. काकांच्या कॅसेटसाठी मी हेच लावलं आणि यंत्र रात्रभर चालू ठेवलं.

सकाळी काकांनी युद्धाचा प्रवेश तीनदा बघितला. वडिलांच्या मनगटाची फिरकी मोजता येईल इतकी स्पष्ट होती.

एका गोष्टीवर मात्र इलाज नाही. दात काढण्याआधीच चित्राचा आकार लहान-मोठा केला, की वरच्या-खालच्या ओळी एकमेकांत कालवल्या जातात आणि मग फील्ड सुटी करता येत नाहीत. मोबाइलवर फिरणारे कितीतरी जुने दशावतार असेच कायमचे खराब झालेत. मूळ कॅसेट हाताशी असेल तर पुन्हा सुरुवात करता येते. तीच टाकून दिली असेल तर पुढे काही नाही.

म्हणून कॅसेट कुठेही उतरवायला द्या, पण दोन फाइल मागून घ्या: एक बघण्यासाठी, सेकंदाला ५० फ्रेमची, आणि दुसरी फितीवरून जशीच्या तशी उतरवलेली मूळ डीव्ही फाइल. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तेवढी द्या. आणि कॅसेट परत घ्यायला विसरू नका.