माणूस ओळखीचा, तरी कागद हवाच

"अहो, आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. खोली भाड्याने द्यायची असो, जुनी मोटारसायकल विकायची असो किंवा हातउसने पैसे द्यायचे असोत, कागदाचा विषय काढला की समोरच्याला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. मग आपणही संकोचतो आणि गप्प बसतो.

आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. भाईजाननी मोटारसायकल मोहल्ल्यातल्या एका मुलाला विकली. पैसे मिळाले, चावी दिली, चहापाणी झाले. आरसी मात्र भाईजानच्याच नावावर राहिली. काही महिन्यांनी त्यांच्या मोबाइलवर ई-चलन येऊ लागले. मुलगा म्हणायचा, "चाचा, भरतो ना." दोन भरली, पुढची राहिली. आज त्या दोन घरांत सलाम-दुआही उरलेली नाही.

प्रश्न चलनावरच थांबला, हे नशीब. अपघात झाला असता तर? मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंद, तोच मालक. गाडी विकली, पुढे आणखी दोघांच्या हातांतून गेली, तरी नोंद बदलली नसेल तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. विमा संपलेला असेल तर ती रक्कम खिशातून भरावी लागू शकते. म्हणून गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवावे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊन नवीन आरसी निघाल्याची खात्री करूनच निश्चिंत व्हावे.

घराचेही तसेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम मालकाचे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. आता ही नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ऑनलाइनही होते. भाडेकरूनेही डिपॉझिट शक्यतो बँकेतूनच द्यावे, म्हणजे परत मागताना पुरावा हाती राहतो.

कागद मागणे हा अविश्वास आहे का? पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही; ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहायचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने. म्हणजे दुर्बल बाजूच्या तोंडात कोणी आपले शब्द घालू नयेत. ही आज्ञा ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. एकमेकांना भाऊ मानणाऱ्यांनाच लिहायला सांगितले आहे, हे आपण विसरतो.

याची खरी किंमत घरातला कर्ता माणूस अचानक जातो तेव्हा कळते. वारसा वाटण्याआधी मृताचे कर्ज फेडले पाहिजे, हा आपल्या शरीअतचा नियम. पण कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, हे बायकोला माहीत नसते, मुलांनाही नसते. इद्दतमध्ये बसलेल्या बाईच्या दारात लोक येतात आणि प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. खरे कोण, खोटे कोण, हे तिने कसे ठरवायचे?

म्हणून प्रत्येक घरात एक साधी वही असावी. देणे-घेणे, डिपॉझिट, विम्याची तारीख, कोणता कागद कोठे ठेवला आहे, हे सारे तिच्यात असावे आणि ती वही घरातल्या बाईला माहीत असावी. ओटीपी आणि पिन मात्र त्यात लिहू नयेत, कोणाला सांगूही नयेत.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "आपल्यात कागद कशाला?" तर हसून सांगावे, "आपल्यातले नाते टिकावे म्हणून." अल्लाह आपले व्यवहार साफ ठेवो आणि आपली नाती सलामत राखो. आमीन.