घड्याळाचे चित्र आणि अल्झायमरचे निदान

न्यू जर्सीतील आयसेलिन आणि लगतचे एडिसन यांना जोडणाऱ्या ओक ट्री रोडच्या परिसरात भारतीय कुटुंबांची दाट वस्ती आहे. मुलांकडे राहावयास आलेले मराठी आईवडील तेथे वृद्धत्वाकडे झुकत असताना, टॅब्लेटवर काही मिनिटांत होणाऱ्या स्मरणचाचण्यांविषयीचे समज तपासून घेणे अगत्याचे आहे.

अशी चाचणी अल्झायमरचे निदान करते, हा पहिला आणि सर्वांत रूढ गैरसमज होय. वस्तुतः ती बोधनक्षमता, म्हणजे स्मरण, अवधान, भाषा आणि नियोजन यांची एकत्रित शक्ती, मोजते. ही क्षमता कशामुळे घटली हे चाचणीला दिसत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात, परंतु बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत हिच्याकडे दुर्लक्ष होऊ शकते), थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही गुण तितकेच खाली येऊ शकतात. म्हणून पुढे रक्ततपासणी, एमआरआय आणि गरजेनुसार अमायलॉइडचा शोध घेणारी चाचणी करावी लागते. त्यासाठीच्या पहिल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये मान्यता दिली, तीही लक्षणे दिसणाऱ्या 55 वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपुरती.

यंत्राचा निकाल अचूकच असतो, ही दुसरी समजूत गणितापुढे टिकत नाही. स्वीडनमध्ये प्राथमिक दवाखान्यांत तपासलेल्या ‘बायोकॉग’ या चाचणीने बोधनक्षमतेतील घट सुमारे 85 टक्के अचूकतेने ओळखली, तर तेथील डॉक्टरांची अचूकता 73 टक्के होती. ही प्रगती निश्चितच मोठी आहे. तथापि, 200 ज्येष्ठांपैकी 20 जणांना खरोखर त्रास आहे आणि चाचणी आजारी व निरोगी दोहोंना 85 टक्के अचूकतेने ओळखते असे धरल्यास, ती 17 रुग्ण पकडेल, पण 27 निरोगी माणसांवरही ठपका ठेवील. अशी चाचणी चाळणीचे काम करते, निवाड्याचे नाही.

यंत्र सर्वांना समान न्याय देते, हा तिसरा समज आयसेलिनसारख्या ठिकाणी विशेष घातक ठरतो. अशा चाचणीत अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढावयास सांगितले असता, काटा दोनऐवजी दहाच्या आकड्याकडे वळणे ही परिचित चूक आहे. डिजिटल लेखणी त्यापलीकडे जाऊन हात कोठे थबकला आणि आकडे कोणत्या क्रमाने मांडले गेले, याचीही नोंद ठेवते. मात्र पडद्यावर लेखणी प्रथमच धरणारा हात बिचकला, तर ती नोंद आजाराचीच मानणे अन्यायाचे होईल. कागदावरच्या काही प्रचलित चाचण्यांत काउंटीचे नाव विचारले जाते. मुलाकडे नुकत्याच आलेल्या आजींना मिडलसेक्स हे नाव ठाऊक नसेल, पण त्यांना तिथी आणि महिना बिनचूक सांगता येत असेल. शिक्षण, भाषा आणि ऐकू येणे यांचा गुणांवर परिणाम होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याच कारणास्तव हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत बोधन-चाचण्यांचा संच सिद्ध केला. त्या पाचांत मराठी नाही, ही उणीव खटकते.

मोबाइलवरचे मेंदूचे खेळ म्हणजे चाचणी नव्हे. ‘लुमोसिटी’च्या कंपनीने अशा खेळांबाबत केलेल्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांचे प्रकरण 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरून मिटवले.

आजार कळून तरी काय उपयोग, हा प्रश्नही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, कारण 2023 मध्ये लेकॅनेमॅब आणि 2024 मध्ये डोनानेमॅब या औषधांना अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ती ऱ्हासाचा वेग काहीसा मंद करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत, त्यांमुळे मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याची जोखीम असते आणि ती केवळ सुरुवातीच्या अवस्थेतच दिली जातात.

मेडिकेअर या अमेरिकी शासकीय आरोग्यविम्याच्या वार्षिक आरोग्यभेटीत बोधनक्षमतेची पाहणी अंतर्भूत आहे. त्या भेटीस जाताना चष्मा, श्रवणयंत्र आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. शासकीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर विनामूल्य दुभाषी देण्याचे बंधन असल्याने मराठी दुभाष्याची मागणी आधीच नोंदवावी आणि ते काम मुलाने वा सुनेने करू नये, कारण घरची माणसे नकळत उत्तर सुचवतात.