तबकडीत न मावलेली लावणी

‘यमुना-हिरा-तारा वाईकर’ एवढं नाव फलकावर असलं की रसिकांना पुढचं काही सांगावं लागत नसे. नाव तिघींचं आणि आडनाव गावाचं. संगीत बारीच्या दुनियेत गायिकांची ओळख अशीच चालते. कुणी वाईकर, कुणी नगरकर, कुणी पुणेकर. छाया-माया खुटेगावकर, राजश्री-आरती काळे नगरकर अशी बहिणींची जोडनावं तर कित्येक. या बायांनी लावणी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात सांभाळली. महाराष्ट्राच्या घराघरांत लावणीच्या तबकड्या पोहोचल्या तेव्हा त्यांवर बहुतेकदा यांचे आवाज नव्हते.

नागपूरकडच्या वाचकाला ही दुनिया थोडी परकी वाटेल. नागपूरच्या हुडकेश्वरहून उमरेडच्या अंगानं पुढे झाडीपट्टीकडे गेलं की तिथे दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं. खडी गंमतीत बाईचं सोंग परंपरेनं पुरुषच घेत आला. संगीत बारी हा प्रकार मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातला. पुण्याचं आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातलं चौफुला, सोलापूर रस्त्यावरचं मोडनिंब, नगर जिल्ह्यातलं जामखेड ही त्याची ठाणी. ढोलकीफडाच्या तमाशात गण-गवळणीनंतर वग, म्हणजे कथानाट्य असतं, सोंगाड्या असतो. बारीत वग नाही. पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, एवढाच संसार. अशा संचाची, म्हणजे पार्टीची, मालकी बहुधा बाईचीच. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि एकीमागून एक रंगमंचावर येतात.

या बायांची खरी कमाई म्हणजे बैठकीची लावणी. मोजके रसिक, समोर बसलेली गायिका, संथ लय. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, आणि दर वेळी भुवई, नजर, पदराचं टोक, बोटांची हालचाल वेगळी. पहिल्यांदा रुसवा, मग आर्जव, मग टोमणा. याला अदाकारी म्हणतात. यमुनाबाई वाईकर या कलेतल्या थोर. १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाईंनी लहानपणी आईबरोबर रस्त्यावर गाऊन पोट भरलं होतं. संगीतज्ञ अशोक रानडे यांनी त्यांची बैठकीची लावणी शहरी श्रोत्यांपुढे सन्मानानं आणली. २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी केव्हाच ओलांडली होती. २०१८ मध्ये वाईला त्या गेल्या.

आता ही अदाकारी तबकडीवर कशी चढवायची? ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गेसबर्गनं १९०२ साली कलकत्त्यात गायिका गोहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून आपल्याकडच्या कलावंतिणी ध्वनिमुद्रणात आघाडीवर होत्या. पुण्याच्या बाई सुंदराबाई जाधव यांच्या लावण्या, ठुमऱ्या रेकॉर्डवर निघाल्या. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं, त्यातल्या बालगंधर्वांच्या पदांना चाली सुंदराबाईंच्या होत्या, हे नाट्यसंगीताच्या चाहत्यांनीही अभिमानानं सांगायला हवं. पण जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. बैठकीत जी लावणी अर्धा-पाऊण तास उलगडते, तिचं त्यात केवळ मुखदर्शन व्हायचं. चेहरा तर दिसतच नव्हता.

पुढे चित्रपट आला आणि लावणी पार्श्वगायिकांच्या गळ्यात गेली. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मधला, त्यात आशा भोसले. ‘रंगल्या रात्री अशा’ १९६२ मधला, त्यात सुलोचना चव्हाण. सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन, जागेवरून न हलता गात, आणि आवाजातूनच सगळा ठसका उभा करत. हे त्यांचं कर्तृत्व असामान्यच. मात्र रेडिओ आणि रेकॉर्डवरून मराठी माणसाच्या कानात जी लावणी बसली, ती ही तीन मिनिटांची, झटक्याची, वाद्यवृंदात सजलेली. बारीतली संथ लावणी थिएटरातच राहिली आणि तिथवर पांढरपेशा घरातली बाईमाणसं जात नव्हती.

असंच काहीसं अमेरिकेच्या दक्षिण भागात घडलं. तिथे १९६०च्या दशकात चर्चमधल्या भक्तिगीतांतून ‘सोल’ संगीत फुललं. मेम्फिस शहरातली स्टॅक्स, अलाबामातल्या मसल शोल्सचा फेम स्टुडिओ ही नावं मोठी झाली. त्यांच्या आसपास कितीतरी छोट्या कंपन्या कृष्णवर्णीय मुलींच्या गटांची एखाद-दुसरी तबकडी काढून थांबल्या. स्टॅक्सच्याच व्होल्ट या उपशाखेनं १९६७ मध्ये ‘द चार्मेल्स’ या मुलींच्या गटाचं एक गाणं काढलं. तेव्हा ते फारसं चाललं नाही. १९९३ मध्ये वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप गटानं त्यातला पियानोचा तुकडा उचलला आणि ते सूर जगभर गेले. ब्रिटनमध्ये डेव्ह गॉडिन या अभ्यासकानं १९९७ पासून अशा विस्मृत गाण्यांचे संग्रहच काढले. ‘डीप सोल’ हे नाव रूढ झालं ते त्याच्यामुळे.

तिथे निदान तबकडी होती, म्हणून शोधणाऱ्याला ती सापडली. बारीतल्या बहुतेक गायिकांच्या बाबतीत शोधायला वस्तूच नाही. लावणी मावशीकडून भाचीकडे, आईकडून लेकीकडे गेली, कागदावर किंवा टेपवर फार थोडी उतरली. बारीच्या थिएटरांत, म्हणजे कलाकेंद्रांत, आज गिऱ्हाईक चित्रपटातल्या गाण्यांची फर्माईश करतं, तेव्हा जुनी लावणी शिकण्यात नव्या मुलीचा वेळ कोण घालवणार? पोटाचा हिशेब समोर असताना तिला दोष देता येत नाही.

काही माणसांनी मात्र वेळीच हात घातला. भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं. सावित्री मेधातुल यांच्यासोबत त्याच विषयावर माहितीपट केला आणि पुढे त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा केला. त्यात शकुंतलाबाई नगरकर, पुष्पा सातारकर यांच्यासारख्या कलावंत स्वतः गातात, अदा करतात, आणि प्रेक्षागृहात बायकाही मोकळेपणानं बसून दाद देतात. शकुंतलाबाई बसल्या जागी केवळ नजरेनं ओळ फिरवतात, ते पाहिलं की ध्वनिमुद्रणात काय निसटलं होतं ते कळतं.

ज्या वयस्क कलावंतिणी आज आहेत, त्यांच्या लावण्या पूर्ण लांबीनं, चेहऱ्यासकट चित्रित व्हायला हव्यात. विद्यापीठांचे लोककला विभाग आणि सरकारचं सांस्कृतिक खातं यांना हे काम जड नाही. नोंद करताना गायिकेचं नाव तिनं सांगितलं तसंच लिहावं, तिनं ती लावणी कुणाकडून घेतली हे विचारावं, आणि पेटीवर, ढोलकीवर कोण होतं तेही.