वहीची मागची पाने

आमच्या नागपूरची कीर्ती संत्र्यांमुळे, उन्हाळ्यामुळे आणि अलीकडे क्रिकेटमुळे. कर्नल सी. के. नायडू जन्मले ते याच शहरात. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले गेले आणि वाटणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा फुटबॉलवर लेख लिहायला मी बसलेला पाहून आमच्या मंडळींनी चष्म्यावरून पाहत विचारले, “ऑफसाइड म्हणजे काय ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का?”

खरे सांगायचे तर नीटसे ठाऊक नाही. अकरा वर्षे सामने पाहतो आहे, तरी नाही. पण मला लिहायचे आहे ते खेळ पाहणाऱ्यांबद्दल, आणि त्यांची-माझी ओळख झाली ती एका फुटलेल्या कुंडीमुळे.

मी तेव्हा बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो. आमच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. भिंतीच्या या बाजूला बंगल्या, त्या बाजूला टिनाची घरे. मध्ये एक मोकळा तुकडा, आणि त्यावर संध्याकाळी पोरांचा फुटबॉल. एका संध्याकाळी चेंडू भिंतीवरून आला तो थेट तुळशीच्या कुंडीवर. कुंडी दुभंगली, तुळस मोडली. मी चेंडू उचलला आणि कपाटात ठेवून दिला.

थोड्या वेळाने फाटकाशी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. “काका, बॉल देऊन द्या ना जी. शनवारी मॅच हाये.”

“वडिलांना घेऊन ये,” मी म्हणालो. बँकेत वीस वर्षे लोकांना ‘उद्या या’ म्हटलेला आवाज होता तो.

चार दिवस कुणी आले नाही. पाचव्या दिवशी आले ते एक सत्तरीचे गृहस्थ. अंगात धुवट सदरा, पायात टायरच्या चपला, हातात नवी कुंडी आणि कुंडीत लावलेली तुळस. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि हात जोडले. “चुकलं पोराईचं, साहेब. तुळस मोडली म्हणे. हे ठेवून घ्या.” एवढे बोलून ते वळलेसुद्धा. चेंडूचे त्यांनी नावही काढले नाही.

वाचकहो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती मी अजून विसरलेलो नाही. मी धावत आत गेलो, चेंडू आणला, त्यांच्या हातात दिला. ते हसले. “शनवारी पाहाले या,” म्हणाले.

मी गेलो. मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. स्कूटर उभी करतो आहे तोच आमच्या भिंतीमागची पोरे आली. पाच-सहा सायकली, एकेकीवर दोघे-तिघे, घामाने निथळलेली आणि तरी गाणी म्हणत आलेली. केवढी हौस म्हणून मला कौतुक वाटले. घरी येऊन मी तसे सांगितलेही.

त्या गृहस्थांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला नव्हते. आयुष्य गिरणीत गेलेले. पण संघाचा हिशेब त्यांच्याकडे, चेंडूत हवा भरण्याचा पंप त्यांच्याकडे आणि आठवणींचा साठाही त्यांच्याकडेच. मैदानाच्या कडेला ते मांडी घालून बसत. भोवती रिक्षावाले, भाजीवाल्या, रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे, एखादी पोर कडेवर घेतलेली आई. एकाने थर्मासमधून चहा आणायचा, दुसऱ्याने मुरमुरे. संघ हरत असला की आठवणींना विशेष ऊत येई, आणि आमचा संघ बहुधा हरतच असे.

मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळले की आपल्या नागपुरात फुटबॉल पाहुणा नाही. शेजारी कन्हान नदीच्या काठी कामठी. तिथे १८२१ साली इंग्रजांनी लष्करी छावणी वसवली. पुढे हा खेळ देशात आला तो गोऱ्या पलटणींच्या बुटांबरोबर, आणि जिथे छावणी तिथे तो रुजला. गोरे गेले, चेंडू राहिला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावे इथल्या लीगमध्ये लोक आजही मानाने घेतात. कामठीच्या विणकरांच्या मोहल्ल्यांतले शौकीन आमच्या शेजारी येऊन बसत. आमच्या बाजूने वऱ्हाडी, त्यांच्या बाजूने दखनी वळणाची हिंदी. भांडण रेफरीशी, आपसांत नाही.

मास्तरांच्या वडिलांनी त्यांना १९११ ची गोष्ट सांगितलेली. त्या वर्षी कलकत्त्यात मोहन बागानच्या पोरांनी, बहुतेकांनी अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले आणि आय. एफ. ए. शील्ड जिंकली. १९६२ ची गोष्ट मात्र मास्तरांची स्वतःची. जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेतले. चुनी गोस्वामी कर्णधार. पी. के. बॅनर्जींचा एक गोल आणि दुसरा जर्नैलसिंगचा. डोक्याला टाके पडलेला तो बचाव फळीतला गडी त्या दिवशी पुढे खेळत होता. “गिरणीच्या फाटकाशी एकानं पेपर वाचून दाखोला,” मास्तर सांगत. “पाळी सुटली होती, पन घरी कोनीच जाईना.”

या साऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक नाव हटकून येई, प्राध्यापक विजय बारसे यांचे. हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडा शिक्षक. २००१ सालचा पावसाळा. भर पावसात वस्तीतली काही पोरे एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना एक चेंडू दिला. जोवर पोरे चेंडूमागे आहेत तोवर ती व्यसनापासून आणि मारामारीपासून दूर आहेत, हे त्यांच्या शिक्षकी नजरेने टिपले. त्यांनी वस्त्या-वस्त्यांतले संघ जमवून झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. पुढे त्यांचे चिरंजीव अभिजीत अमेरिकेतून परतले आणि याच कामात पडले. २०१६ साली ‘फिफा’ने विविधतेसाठीचा आपला पहिलावहिला पुरस्कार या संस्थेला दिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि अमिताभ बच्चन यांनी बारसे सरांवर बेतलेली भूमिका केली, तेव्हा ही कथा घरोघर पोचली.

योगायोग पाहा. ज्या २००१ साली नागपुरात ती बादली घरंगळत होती, त्याच साली आफ्रिकेतल्या केपटाउन शहरी जमलेल्या दोघा परदेशी गृहस्थांना एक कल्पना सुचली, की ज्यांना घर नाही अशांची विश्वचषक स्पर्धा भरवावी. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी १८ देशांच्या संघांनी ती पहिल्यांदा खेळली. बाजूला चौघे खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच संधी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला जाता यावे. पुढे भारताचा संघ या स्पर्धेत उतरू लागला तो नागपूरच्याच धडपडीमुळे.

पण बारसे सर एकच. वस्त्या पुष्कळ. बाकीचे छोटे संघ कशावर जगतात? याचे उत्तर मला मास्तरांच्या वहीत सापडले.

लांबट, लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे असते तशी वही. पुढच्या पानांवर सामने: तारीख, गोल आणि एखादी ओळ. ‘२-१. पाऊस. गोलकीपरला ताप, तरी उभा राहिला.’ ‘०-४. रेफरी बरोबर होता.’ मागच्या पानांवर जमाखर्च. देणाऱ्याचे नाव नाही, घेणाऱ्याचेही नाही. फक्त रक्कम आणि कारण. ‘एका पोराची दहावीची फी.’ ‘बूट, दोघा भावांत एक जोडी.’ ‘समोरच्या संघातल्या पोराचा पाय मोडला, प्लास्टर.’ मी विचारले, “समोरच्या संघातला?” मास्तर म्हणाले, “पाय त मोडलाच ना, साहेब. आपल्या पोराच्या अंगावर पडून मोडला.”

नावे का नाहीत, हेही एकदा विचारले. “नाव लिवलं का देनारा मोठा होते, घेनारा लहान होते. मंग ते दोघं एका ठिकानी बसून मॅच कसे पाहातीन?”

बँकेत छत्तीस वर्षे खातेवह्या लिहिल्या, पण असा जमाखर्च पाहिला नव्हता.

जगात इतरत्रही असे वेडे आहेत म्हणा. बर्लिनच्या युनियन नावाच्या क्लबची गोष्ट मी नातवाकडून ऐकली. २००४ साली क्लबची तिजोरी रिकामी झाली तेव्हा त्याच्या चाहत्यांनी रक्तदान केले आणि त्याचे जे पैसे मिळाले ते क्लबला दिले. पुढे २००८-०९ मध्ये पडके स्टेडियम बांधायला पैसे नव्हते, तर दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः घमेली उचलली आणि मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास काम केले. मी ही हकीकत मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, “चांगले लोक हायेत.” जणू शेजारच्या मोहल्ल्याबद्दल बोलत असावेत.

२०२० साली मार्चअखेर सारे बंद झाले. मैदाने ओस, रिक्षा उभ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायांना फाटकाच्या आत कुणी घेईना. आम्हीही घेतले नाही. पगार दिला, पण घेतले नाही. मास्तरांच्या वहीत त्या वर्षीची पुढची पाने कोरी आहेत. एकही सामना नाही. मागची पाने मात्र भरलेली. ‘पीठ, सहा घरे.’ ‘गॅसची टाकी.’ ‘कामठीच्या भावांनी तांदूळ पाठवला.’ ‘मोबाइल रिचार्ज, शाळेसाठी.’ दर शनिवारी समोरासमोर ओरडणारी माणसे मैदानाशिवायही एकमेकांना ओळखत होती.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. वही त्यांनी माझ्यापुढे केली. “तुमचं अक्षर बँकेतलं हाये. तुमीच लिवा.” मी ती घरी आणली आणि रात्री सहज मागची पाने चाळू लागलो. चाळता चाळता एका तारखेशी आलो.

‘कुंडी, माती, तुळस. १४० रु. टेम्पोच्या पैशांतून.’

मी पुढच्या बाजूला तीच तारीख शोधली. दोनच दिवसांनंतरची नोंद होती. ‘१-१. पोरं सायकलीवर गेली. दुसऱ्या हाफात पाय चालले नाही. बॉल परत भेटला. साहेब भला माणूस आहे.’

मी दिवा मालवला, पण झोप आली नाही. ज्या सायकलींचे मी घरी कौतुक सांगितले होते, त्या माझ्या कुंडीपायी निघाल्या होत्या. चार दिवस चेंडू कपाटात कोंडून ठेवणाऱ्याला त्या वहीने ‘भला माणूस’ म्हटले होते आणि इतक्या वर्षांत त्यातला एक शब्दही कुणी मला ऐकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी रक्कम मोजली, मला मागच्या पानावर लिहायला लावली, आणि मी नाव लिहू लागलो तशी माझा हात धरला.

“नाव नाही, साहेब.”

मास्तरांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. खर्च मागच्या पानावर आहे: ‘एका म्हाताऱ्याचे डोळे.’ अक्षर माझे. तो फाटकाशी उभा राहिलेला मुलगा आता एका गोदामात कामाला लागला आहे. शनिवारी तोच मास्तरांना मोटारसायकलवर मैदानावर आणतो. आमच्या मंडळी थर्मास भरून देतात, आणि कधीकधी स्वतःही येतात. ऑफसाइड त्यांना माझ्याआधी कळले, असे त्यांचे म्हणणे आहे.

आपल्या सर्वांच्या घरामागे अशी एखादी भिंत असते. या दिवाळीत फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील, तेव्हा एखादे त्या भिंतीपलीकडेही जाऊ द्या, इतकेच सुचवतो. उपकार म्हणून नव्हे; ती मंडळी कदाचित तुमच्या आधीच तुमच्यासाठी काही खर्च करून बसली असतील.

परवा संध्याकाळी पुन्हा चेंडू आला. तुळस वाचली. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, मैदानात पाहतो तसा, आणि सारी ताकद लावून भिंतीपलीकडे भिरकावला. क्षणभर शांतता. मग पलीकडून एक बारका आवाज आला:

“साहेब, थ्रो चुकला!”