हातोहात फिरणारी बातमी

दिनांक ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावाजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या काही मालमोटारींवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. दोन्ही घटना खऱ्या होत्या. दोहोंची दृश्ये दूरचित्रवाणीवर आली, आणि दूरचित्रवाणीवरून लोकांच्या मोबाइलवर उतरली. त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत ज्याच्या हाती मराठी वाहिनीचा तुकडा पडला त्याने टोलनाका पाहिला, आणि ज्याच्या हाती कन्नड वाहिनीचा पडला त्याने पुण्याची बस पाहिली. एकाच गल्लीतील दोन शेजाऱ्यांना एकाच दिवसाच्या दोन वेगवेगळ्या बातम्या मिळाल्या, आणि प्रत्येकास वाटले की संपूर्ण बातमी ती हीच.

असे तुकडे पुढे पाठवण्याचा अधिकार सामान्य माणसास असावा काय, आणि असल्यास त्यावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न सीमाभागात केवळ तात्त्विक राहत नाही. येथे चुकीच्या वेळी फिरलेली चित्रफीत म्हणजे फुटलेली काच आणि बंद पडलेली बससेवा. म्हणूनच या प्रश्नाचा विचार स्वतंत्रतावाद्यांच्या दृष्टीने करून पाहणे उद्बोधक ठरते, कारण हा पंथ अशा बाबतीत सर्वांत कमी तडजोड करणारा आहे.

स्वतंत्रतावाद म्हणजे मोकाटपणा नव्हे. दुसऱ्याच्या शरीरास, मालमत्तेस वा करारास धक्का न लावता प्रत्येकाने आपल्या बुद्धीप्रमाणे वागावे, आणि सरकारने धक्का लावणाऱ्यास आवरावे, याहून अधिक काही करू नये, असे तो सांगतो. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात ही बाजू मांडली. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनावर ज्यांचा पिंड पोसला त्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून मराठीत तिचा हिरिरीने पुरस्कार केला. मिलचे म्हणणे थोडक्यात असे की, दडपलेले मत खरे असेल तर समाज सत्यास मुकतो, आणि खोटे असेल तर खऱ्या मतास घासून लखलखीत होण्याची संधी जाते. ही गोष्ट पटण्यास मोठमोठ्या संस्थांनाही वेळ लागला आहे. निषिद्ध ग्रंथांची सूची रोममध्ये १५५९ साली निघाली आणि तिचे बंधन १९६६ साली उठले. मधल्या चार शतकांत त्या सूचीतील कित्येक पुस्तके ख्रिस्ती घरांतूनच वाचली गेली होती.

भारतात पुढे पाठवण्याच्या अधिकाराचा पहिला मोठा निवाडा झाला तो, योगायोग असा, की राज्याच्या सीमेवरूनच. मुंबईहून ‘क्रॉस रोड्स’ नावाचे एक साप्ताहिक निघत असे. मद्रास सरकारने त्याच्या आपल्या प्रांतातील प्रवेशावर व प्रसारावर बंदी घातली. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन अवघे चार महिने झाले असता, न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. छापण्याचे स्वातंत्र्य आहे पण वाटण्याचे नाही, असे म्हणणे व्यर्थ होय. प्रसार हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे त्या निकालाचे सार होते. हे साप्ताहिक डाव्या विचारांचे होते, बाजारपेठेच्या स्वातंत्र्यास मुळीच अनुकूल नव्हते. तरीही आजचा स्वतंत्रतावादी या निकालास मानाचे स्थान देतो, आणि त्यातच त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा आहे. आपल्याला न आवडणाऱ्या मजकुराचा प्रसार जो मान्य करतो त्याचेच स्वातंत्र्यप्रेम खरे.

सरकारला मात्र तो निकाल रुचला नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्यास चिथावणी ही निर्बंधाची कारणे कलम १९ मध्ये घातली गेली, आणि त्याबरोबरच ‘वाजवी’ हा शब्दही आला. तेव्हापासून आजतागायत वाद चालला आहे तो या एका शब्दाच्या अर्थाविषयी.

निपाणीच्या माणसास हा विचार पुस्तकातूनच कळावा असे नाही. १९८१ च्या मार्च महिन्यात तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. त्यांचे नेते शरद जोशी. एके काळी भारतीय टपालसेवेत अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी, आणि ती सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती, असा त्यांचा प्रवास. १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना स्थापन केली. ६ एप्रिल १९८१ रोजी ते आंदोलन पोलिसांनी मोडून काढले. गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. त्या आंदोलनात मराठी व कन्नड दोन्ही बोलणारे शेतकरी एकत्र बसले होते, हे सीमाभागाने विसरू नये. तंबाखूचा भाव कोणत्याच भाषेत परवडत नव्हता.

त्या दिवशी निपाणीत काय घडले हे देशाला कसे कळले? वृत्तपत्रांतून. आकाशवाणी सरकारची, आणि दूरदर्शनही सरकारचे. गोळीबार करणारे पोलीस राज्य सरकारचे आणि बातमी वाचणारा निवेदक केंद्र सरकारचा, असा तो काळ होता. महामार्गावर बसलेल्या कोणा शेतकऱ्याजवळ त्या वेळी मोबाइल असता, तर गोळी कोठून सुटली आणि त्यापूर्वी काय घडले, याविषयी पुढे जो वाद होतो तो पुष्कळसा आटोपशीर झाला असता. सामान्य माणसाच्या हातातील कॅमेरा हा सत्तेवरचा पहारेकरी आहे, असे स्वतंत्रतावादी म्हणतो ते अशा प्रसंगांच्या आठवणीने. शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजींनी १९५९ साली स्थापिलेल्या स्वतंत्र पक्षाचाच वारसा त्यांनी नावानिशी पत्करला होता. त्याच परंपरेतील मिनू मसानी यांनी आणीबाणीत आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील मजकूर सेन्सॉरने कापला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९७६ साली, आणीबाणी चालू असतानाच, ते जिंकले.

ध्वनिलहरींवरील सरकारची मक्तेदारी ढिली झाली ती ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने. क्रिकेटच्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून उद्भवलेल्या त्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांचे सहकारी यांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची खासगी मिळकत नव्हे, असा निर्णय दिला. मात्र रेडिओच्या बाबतीत दार अर्धेच उघडले. २०११ च्या धोरणानेही खासगी एफ.एम. केंद्रांना बातम्यांच्या बाबतीत एवढीच मुभा दिली, की आकाशवाणीची बातमीपत्रे त्यांनी जशीच्या तशी लावावीत. गाणी कोणीही वाजवावीत, बातमी मात्र एकाच तोंडून यावी, असा हा चमत्कारिक न्याय. दूरचित्रवाणीच्या शेकडो वाहिन्यांना जे चालते ते रेडिओला का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

येथवर स्वतंत्रतावादाची बाजू सोपी आहे. आता अवघड भाग येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात कर्नाटकात बीदर जिल्ह्यात तशाच संशयाने एका तरुणाचा बळी गेला. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. मूळ फितीत अखेरीस ते दोघे मुलास परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणी तरी शेवटचे ते काही क्षण कापून टाकले. खोटे काही जोडावे लागले नाही. खरे थोडे कमी केले, एवढेच पुरले.

यावर सरकारचे उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे आणखी कायदा. पण कायद्याचा अनुभव काय आहे? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि दुसरीने त्या पसंत असल्याची खूण केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम त्यासाठी वापरण्यात आले. त्रास देणारा, गैरसोय करणारा मजकूर, असे त्यातील शब्द होते. आणि ज्याच्या हाती सत्ता त्याला कशाचाही त्रास होऊ शकतो. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. मतप्रदर्शन, एखाद्या मताचा पुरस्कार आणि प्रत्यक्ष चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याचा हात तिसरीपाशीच पोचावा, असा भेद त्या निकालात स्पष्ट केला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा हे ठरवण्यासाठी स्वतःचाच तपासणी कक्ष नेमण्याचा नियम केला, तोही सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. आरोपीनेच न्यायाधीश व्हावे, असा तो प्रकार होता. तरी मोह सुटत नाही. २०२५ च्या जून महिन्यात कर्नाटक सरकारच्या खोट्या बातम्यांविषयीच्या विधेयकाचा मसुदा बाहेर आला, आणि त्यात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद सुचवलेली होती.

मग राईनपाड्याचे काय? स्वतंत्रतावादी म्हणतो, खून हा गुन्हा आहेच. ‘मारा, सोडू नका’ असे म्हणून जमाव गोळा करणेही गुन्हाच आहे. त्यासाठी जुनेच कायदे पुरेसे आहेत, ते वापरा. टपालखात्याचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. धमकीचे पत्र लिहिणाऱ्यास शिक्षा होते, ते घरपोच देणाऱ्या पोस्टमनला होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये याच धर्तीवर, व्हॉट्सअॅप समूहातील सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू असल्याखेरीज, समूहाच्या चालकास जबाबदार धरता येत नाही, असे म्हटले. मात्र ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आणि हे मान्य केलेच पाहिजे. पोस्टमन पाकीट फोडून वाचत नाही. चित्रफीत पुढे पाठवणारा ती पाहतो, तिच्यावर ‘सर्वांना पाठवा’ असे लिहितो आणि आपल्या नावाचे वजन तिला देतो. तो पोस्टमन नसून छोटासा संपादकच आहे. संपादकाचे स्वातंत्र्य ज्याला हवे त्याला संपादकाची जोखीम टाळता येत नाही. स्वतंत्रतावादाच्या मूळ मांडणीत ही जोखीम आहेच. तिच्या अलीकडच्या उत्साही अनुयायांना तिचा पुष्कळदा विसर पडतो.

ज्याने बातमी बनवली त्याच्या मालकीहक्काचाही एक पदर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने टीका, समीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी रास्त उपयोगाची सवलत ठेवली आहे. त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवून त्यावर टिप्पणी करणे वेगळे, आणि अख्खा कार्यक्रम उचलून आपल्या नावावर खपवणे वेगळे.

सीमाभागाच्या बाबतीत खरी गोम आणखी एक आहे. १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना, एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई यांना, समोरासमोर बसवले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होईतो कोणी दावे करू नयेत असे तेथे ठरले. आणि त्या बैठकीनंतर हेही सांगण्यात आले की, बड्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद चिघळवण्यात हातभार लावला. म्हणजे जी वाक्ये वाचून लोक संतापले, त्यांतील काही त्या नेत्यांची नव्हतीच. हा तोतयेगिरीचा प्रकार आहे, मतस्वातंत्र्याचा नव्हे. आणि तोतयास शासन करण्यास कोणत्याही स्वतंत्रतावाद्याची हरकत नसते.

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बेळगावाजवळ एका बसवाहकास मारहाण झाली. भांडण भाषेवरून की तिकिटावरून, हे दोन भाषांत दोन तऱ्हांनी सांगितले गेले. चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसचालकास काळे फासले गेले, आणि दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या हद्दीत जाणाऱ्या बसगाड्या थांबवल्या. निपाणीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या माणसास त्या दिवसांत हवी होती ती बातमी निराळीच होती. गाडी कोगनोळीपर्यंत जाते की नाही, तेथून पुढे काय मिळते, आणि उद्या सकाळी काय. मराठी शाळेत शिकून कन्नडही वाचणारी माणसे या टापूत घरोघर आहेत. कन्नड वाहिनीवरील निवेदन ऐकून त्याचा नेमका अर्थ दोन ओळींत मराठीत लिहावा, मराठी वाहिनीवरील दृश्याची तारीख पाहून ती कन्नड शेजाऱ्यास कळवावी, हे काम मुंबईचा वा बेंगळूरचा कोणी वार्ताहर करणार नाही. त्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही, आणि १९५० च्या त्या निकालानंतर ते करण्यास कोणी सहजासहजी मज्जावही करू शकत नाही.