बाईने किती खिडक्या फिरायच्या?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके मुंबईकरांना ठाऊक असतात ते पाण्यामुळे आणि पावसामुळे. भातसा, तानसा इथलीच. त्यांचे पाणी महानगराच्या नळाला येते. माळशेजचे धबधबे, माहुलीचा किल्ला, पौषातली म्हसा गावची जत्रा आणि तिथला गुरांचा बाजार हेही ओळखीचे. त्यापलीकडे डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या गावांच्या आसपास ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे विखुरले आहेत. त्या पाड्यांत नांदणाऱ्या बायकांची ओळख सहसा कुणाला होत नाही. नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीने मला या दोन्ही तालुक्यांत काही वर्षे ठेवले, म्हणून माझी थोडीफार झाली.

काउंटरमागे बसलेल्या माणसाला लोकांचे संसार मागच्या दाराने दिसतात. पैसे काढण्याच्या स्लिपवर अंगठा बायकोचा आणि नोटा मोजणारे हात नवऱ्याचे, हे रोजचेच. अंगठा घेताना कधी मनगटावरचा काळानिळा वळ दिसे. ‘पायरीवरून पडले’, ‘गुराने ढकललं’ ही उत्तरे ठरलेली असत, आणि ती खोटी आहेत हे विचारणाऱ्याला व सांगणारीला दोघांनाही माहीत असे. पण समजा, एखादीने खरे सांगायचे ठरवलेच, तर तिने जायचे कुठे? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

तिच्यासोबत जरा चालून पाहा. गावात पोलीस पाटील असतो. बहुधा तो नवऱ्याच्या भावकीतला किंवा ओळखीतला. तो म्हणतो, बसून मिटवू. तिथे मिटले नाही तर पोलीस ठाणे. शहापूर तालुक्यात शहापूर, किन्हवली, वाशिंद, कसारा आणि मुरबाड तालुक्यात मुरबाड, टोकावडे ही ठाणी आहेत. पाड्यावरून रस्त्याला यायचे, एसटी किंवा वडाप गाठायचे, कडेवर धाकटे मूल. ठाण्यात सांगतात, आधी दवाखान्यात जाऊन या. दवाखान्यात विचारतात, पोलिसांची यादी आणली का? यादी म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी डॉक्टरांना द्यायचे पत्र. मग पुन्हा ठाणे. तिथून वकील, वकिलाकडून कोर्ट. रात्री राहायचे कुठे, तर निवारा शहराच्या बाजूला. मुलांचा दाखला शाळेत, रेशनकार्ड सासरी, आधारकार्ड नवऱ्याच्या ट्रंकेत. प्रत्येक खिडकीवर तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची, बहुतेक वेळा पुरुषांसमोर, आणि प्रत्येक खिडकीमागचा माणूस आपले काम नेमके करून तिला पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो. कुणीच कामचुकार नसेल, तरीही तिसऱ्या दिवशी बाई घरी परतते. त्या घरात आता ‘पोलिसांत गेली होती’ हा एक गुन्हा तिच्या नावावर वाढलेला असतो.

आमच्या वेळी मुरबाडच्या शाखेत काढलेला ड्राफ्ट नागपूरला वटत असे. नागपूरचा माणूस ग्राहकाला ‘मुरबाडला जाऊन विचारून या’ असे सांगत नसे. दोन शाखांचा हिशेब जुळवायचे काम बँकेचे. त्यासाठी ॲडव्हाइस जात, एक वेगळे खातेच असे, आणि नोंद जुळली नाही तर वरून खरमरीत पत्र येई. ग्राहकाला या भानगडीचा पत्ताही नसे. पाचशे रुपयांच्या ड्राफ्टला जी सोय होती ती मार खाल्लेल्या बाईला का नसावी? ठाण्याने दिलेला कागद दवाखान्यात, दवाखान्याचा कोर्टात, कोर्टाचा निवाऱ्यात का वटू नये?

गंमत अशी की कायद्याने हेच सांगून ठेवले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो वाचायला मला आवडतो, कारण तो हिशेबी माणसाने लिहिल्यासारखा आहे. संरक्षण अधिकाऱ्याने बाईचे म्हणणे एकदा नीट लिहून घ्यायचे. त्या अहवालाला सगळे डीआयआर म्हणतात. तो दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा, प्रत ठाण्याला द्यायची, त्या भागातल्या सेवाभावी संस्थांना द्यायची. बाईला मोफत वकील मिळवून द्यायचा, निवारा पाहायचा, वैद्यकीय तपासणी करवून घ्यायची. डीआयआर नाही म्हणून कुठल्याही दवाखान्याने तिला परत पाठवायचे नाही. अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. एवढेच नव्हे, तर कलम ११ मध्ये सरकारवर जबाबदारी टाकली आहे की विधी, गृह, आरोग्य या खात्यांच्या सेवांचा परस्परांशी मेळ घालावा आणि त्याचा वेळोवेळी आढावा घ्यावा. कागद फिरेल, बाई नाही, हा कायद्याचा हिशेब.

अडले ते माणसापाशी. संरक्षण अधिकारी म्हणून पुष्कळ ठिकाणी आधीच पंधरा कामे गळ्यात असलेल्या अधिकाऱ्याला सोळावे काम दिले गेले. बँकेत ‘अतिरिक्त कार्यभार’ या शब्दाचा अर्थ आम्हाला चांगला कळत असे: विचारायला कुणी आले तर त्या टेबलाची फाईल उघडायची. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला-बालविकास खात्यातले अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि तेही सहा आठवड्यांत. कायदा लागू होऊन तोवर अठरा वर्षे उलटली होती. त्या आदेशातला ‘तालुका’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हे जुळवण्याचे काम आपल्याकडे कुणी केलेच नाही असे मात्र नाही. गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांतून देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळासाठी ४९८-अ आले; जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. पुण्यात मंजुश्री सारडा प्रकरणानंतर १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला. पुढे त्यांनी बायकांसाठी ‘बोलते व्हा’ केंद्र चालवले. त्या नावातच पहिली पायरी सांगितली आहे.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत हुशार उपाय १९८४ चा. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, पण ती पोलीस नसते. बाई जिथे यायचीच तिथे तिच्या बाजूचे माणूस आधीच बसवून ठेवले. ती ऐकते, लिहून घेते, तक्रार नोंदवताना शेजारी बसते, नवऱ्याला बोलावणे धाडते. हा प्रयोग पुढे राज्य सरकारने उचलला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. दुसरा प्रयोग २००० सालचा: मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले. पोलिसांची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते, हे त्यामागचे साधे निरीक्षण. ‘पायरीवरून पडले’ म्हणणारीला परिचारिकेने पुढचा प्रश्न कसा विचारायचा, याचे तिथे शिक्षण दिले गेले. आमच्या काउंटरवर न विचारला गेलेला प्रश्न तो हाच.

बाहेरच्या जगातही वाट याच वळणाने गेली आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या बंदराच्या शहराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलीस, न्यायालय आणि निवारागृहे यांना एका कार्यपद्धतीत बांधले. ती पुढे अनेक देशांनी घेतली. ब्राझीलने फेब्रुवारी २०१५ मध्ये कांपो ग्रांदे शहरात पोलीस, वकील, न्यायालय, समुपदेशक असे सगळे एका इमारतीत आणले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्याकडे ‘सखी’ वन स्टॉप केंद्रांची योजना सुरू झाली. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर उषा मेहरा आयोगाने ती सुचवली होती, आणि पैसा निर्भया निधीचा होता. एका छपराखाली उपचार, समुपदेशन, कायद्याचा सल्ला, पोलिसांची मदत आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. फोनवर १८१. कल्पना उत्तमच.

मात्र सुरुवातीला जिल्ह्याला एक केंद्र, आणि जिल्हा म्हणजे ठाणे! पालघर वेगळे होऊनही या जिल्ह्याचे एक टोक समुद्राच्या खाडीत आणि दुसरे सह्याद्रीच्या कड्याखाली. आसनगाव-कसाऱ्याला निदान लोकल आहे. मुरबाडला रेल्वे नाही. शहरात एक छप्पर चालते. टोकावड्याच्या बाईला छप्पर जवळ येत नसेल, तर कागद तरी जवळ यायला हवा. म्हणजे असे की तिने पहिल्यांदा जिथे तोंड उघडले, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र असो, अंगणवाडी असो की ठाणे, तिथेच तिचे म्हणणे लिहिले जावे आणि पुढच्या सगळ्यांना ते मान्य असावे.

तोंड ती कुणापाशी उघडते? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याच्या हिंसेबद्दल सांगितले. देशभरात ज्यांनी मार सोसला त्यांतल्या ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. मदत मागितली अवघ्या १४ टक्क्यांनी, आणि तीही बहुतेक आपल्याच माणसांकडे. तेव्हा पाड्यात हे आधी कळते ते आशाताईला आणि अंगणवाडीसेविकेला. पण आशाताईचे घर त्याच पाड्यात असते. तिने नाव कळवले तर उद्या संध्याकाळी दारू पिऊन तो तिच्या अंगणात उभा राहणार. सगळ्या योजना तिच्यावर टाकताना तिच्या पाठीशी कोण, हे कुणी लिहीत नाही.

शिवाय २००७ पासून आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम आली. भाऊबंदकीचे, बांधाचे पुष्कळ तंटे तिने मिटवले, हे मान्य. पण मारहाण हा तंटा नव्हे. बक्षिसाकडे डोळे लावून बसलेल्या गावाला ठाण्यात गेलेली बाई म्हणजे गावाचा बिघडलेला आकडा वाटते, आणि मग चार वडीलधारे तिला समजावायला येतात.

दिवाळीनंतरची अडचण आणखी वेगळी. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे. बाईची तारीख मुरबाडच्या कोर्टात आणि बाई भट्टीवर. आगाऊ उचल फिटल्याशिवाय मालक सोडत नाही. या कायद्याच्या कलम २७ नुसार ती तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. म्हणजे भट्टी हाही तिचा पत्ता आहे. ही गोष्ट तिला भट्टीवर जाऊन सांगणार कोण, एवढाच मुद्दा. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला वकील फुकट मिळतो, हेही तसेच. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे आणि १५१०० हा तिच्या यंत्रणेचा फोन आहे.

यंत्रणा जुळतच नाही असे मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये शहापुरातल्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे उतरवून तपासण्याचा प्रकार घडला. पालक शाळेवर धडकले आणि गुन्हा, अटक भराभर झाले. आधीच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बदलापुरात चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची तक्रार घ्यायला पोलिसांनी बारा तास लावल्याचा आरोप झाला. लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मग सगळी खाती एका दिवसात एकमेकांशी बोलू लागली. मागे हजार माणसे असली की ठाणे, दवाखाना, मंत्रालय यांच्यातले अंतर नाहीसे होते. पाड्यावरून एकटी निघालेली बाई हजार माणसे कुठून आणणार?

राहता राहिली माझी जुनी खिडकी. बाईला मदत करणाऱ्या सेवांच्या कुठल्याही यादीत बँकेचे नाव मी पाहिलेले नाही. वास्तविक या कायद्याच्या कलम २० मध्ये अशी तरतूद आहे की नवऱ्याने पोटगी भरली नाही तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला पगारातून थेट रक्कम बायकोला द्यायला सांगू शकतो. मुरबाडच्या कारखान्यांत, आसनगावच्या शेडमध्ये पगारावर काम करणारे नवरे कमी नाहीत. धसई तर डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले होते. जनधनपासून लाडक्या बहिणीच्या दीड हजारापर्यंत कित्येक निमित्तांनी आता या बायकांची खाती स्वतःच्या नावाने निघाली आहेत. मात्र अनेक घरांत एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही त्याचाच. पैसे आल्याचा मेसेज त्याला येतो, ओटीपी त्याला येतो, आणि बाई रात्री घर सोडून गेली तर सकाळी खाते रिकामे झालेले असते. नंबर बदलायला एक अर्ज आणि ओळखीचा एक कागद लागतो. तो कागद ट्रंकेत असेल, तर तो परत मिळवून देण्याचा आदेश कलम १९ खाली मागता येतो. पण त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याला बँकेचा आणि बँकेच्या व्यवस्थापकाला संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर माहीत असायला हवा.